धुराचा रंग

उंब्रज, मंगळवार, दिवेलागण

परवा खोटं बोललो. इथं तरी लिहून टाकतो.

गॅरेजात वीस वर्षं मी राबतोय, तरी गिऱ्हाईक विचारणार, "उस्ताद हायत का?" सुट्टीवर आलेल्या त्या फौजीनंही तेच विचारलं. त्याची टर्बोची गाडी, रेस दिली की मागनं धूर.

उस्तादांनी नेहमीसारखा सायलेन्सरपुढं पांढरा रुमाल धरला, हुंगला. मग माझ्या कानाशी लागले, "धूर कसा हाय रं?" मोतीबिंदूमुळं त्यांना रंग ओळखू येत नाही, हे फक्त मलाच माहीत.

निळा होता. चांगला निळा. टर्बोतनं ऑइल गळून जळत होतं.

"पांढरा," म्हणालो.

पांढरा म्हणजे इंजिनात पाणी शिरतंय. या वयात दोन दिवस खपून त्यांनी इंजिनाचं हेड उतरवलं. पाणी अडवणारं गॅस्केट धडधाकट निघालं. मग आज मी सगळ्यांसमोर टर्बोचा पाइप काढला, आत बोट फिरवलं, ऑइलनं माखलेलं बोट फौजीला दाखवलं आणि उस्तादांच्याच रुमालाला पुसलं. फौजी म्हणाला, "म्हातारबा, आता घरी बसा." मी हसलो. मजा आली, खरंच आली. पण रुमालाला का पुसलं? चिंध्या काय कमी होत्या?

उस्ताद भांडले असते तर बरं झालं असतं. जाताना त्यांनी तो रुमाल उचलला, घडी घातली.

"मला वास ऑइलचाच आला व्हता," म्हणाले. "पर तू पांढरा म्हणलास."