दोरीचं दुसरं टोक

४ फेब्रुवारी

भिंत मिळाली! चौकातल्या नव्या कॅफेची, अख्खी! मालकीण पोरसवदा, गॉगल डोक्यावर, अंगात आमच्या तरुणपणातली ढगळ बॅगी पँट. म्हणे, "काका, एकदम नाइंटीजचं पाहिजे. जाड अक्षरं, मागे सावली, वर चमक." तेव्हा कॅसेटच्या दुकानांवर आम्हा दोघा भावांचीच अक्षरं असायची. मग छापील फ्लेक्स आले आणि आम्ही घरी बसलो.

दादाला न्यायचंच. काचबिंदूनं त्याची नजर चाललीये. पूर्ण जाण्याआधी आमची एक भिंत त्याला बघायला मिळू दे, बस.

५ फेब्रुवारी

दादाच्या घरी गेलो. आढेवेढे! "मला नेऊन काय लोणचं घालणारेस?" वहिनी उठून आत गेली. शेवटी म्हणाला, "अक्षरं तू काढ. मी दोरी धरतो."

अक्षरं कायम तोच काढायचा, सावली माझ्याकडे. मनाला लागलं.

८ फेब्रुवारी

नीळ भरलेली दोरी, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. "धर." "धरली." "मार!" — ताणलेली दोरी सटकन भिंतीवर, निळी रेघ तयार. किती वर्षांनी तो आवाज!

पण रेघ तिरकी. त्याने टोक खुणेच्या बरंच खाली धरलेलं. मी वैतागलो, "अरे, खूण दिसत नाही का?" हसला. "भिंतच वाकडी आहे रे." मग प्रत्येक रेघेला मीच जाऊन त्याचा अंगठा खुणेवर ठेवला.

१३ फेब्रुवारी

झालं! नारिंगीतून पिवळ्यात उतरणारी अक्षरं, काळी सावली, कडांना पांढरी चमक. दादा समोर स्टुलावर बसून होता. "पिवळा किती घातलास?" "सावली डावीकडेच ना?" विचारून विचारून डोकं खाल्लं. केवढं बरं वाटलं! वाळल्यावर उन्हात बघायला येतो म्हणाला.

१६ फेब्रुवारी

जीव जळतोय नुसता. कॅफेवर गेलो तर दोन माणसं पॉलिश पेपरने भिंत घासत होती! चमक गेली, सावली खरवडून निघाली. मालकीण खूश — "काका, फारच नवीन वाटत होतं हो! आता कसं जुनं दिसतंय."

तेव्हा आमची अक्षरं नवीकोरीच असायची, हे तिला कोण सांगणार? तिचा जन्म तरी झाला होता का? घरी येऊन रडलो. दादाला काय सांगू?

१७ फेब्रुवारी

थाप मारली. रंगाचा दुसरा हात द्यायचाय अजून, म्हटलं.

२० फेब्रुवारी

दादा आज ऐकेचना. हात धरून नेलं, भिंतीसमोर उभं केलं. त्याने मान वर केली. मग म्हणाला, "काय चकाकतंय रे! डोळे दिपले." पाठ थोपटली माझी.

"तर!" म्हटलं मी. त्याची नजर अधू असल्याचा आज पहिल्यांदाच आनंद झाला. लाजही वाटली.

२१ फेब्रुवारी

वहिनी येऊन गेली. "भावजी, आता राहवत नाही म्हणून सांगते. त्यांची नजर गेल्या वर्षीच पार गेली. मला म्हणाले, बोलू नकोस, कळलं तर तो ब्रश हातात धरायचा नाही. काल घरी येऊन खूप रडले. भिंतीला हात लावून बघायचं होतं त्यांना — पण तुम्हाला कळेल म्हणून लावला नाही."

बरं झालं, लावला नाही.