पट्टी दोनने वर

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.४०

डायरी सुरू. ही बियाणे कंपनीची गेल्या वर्षीची डायरी आहे, शेठनं रद्दीत टाकली होती. वार जुळत नव्हते, म्हणून महिनाभराच्या प्रत्येक पानावरचा वार खोडून खरा वार लिहिला. दीड तास गेला. पण शिस्त म्हणजे शिस्त.

नाव : भागवत. आडनाव लिहीत नाही, डायरी कुणाच्या हाती लागली तर. शिक्षण : बारावी, इंग्रजी बाकी. हुद्दा : कराओके ऑपरेटर व गायक, हॉटेल समाधान बार अँड रेस्टॉरंट, धाड रोड. सध्या ट्रेही उचलतो, पण ते तात्पुरतं.

काल मालक कडूबा शेठ म्हणाले, "भागवत, मंदी हाय. अजून एक महिना पाहतो. कराओकेचा काही फायदा दिसला तं ठेवतो, नाही तं लॅपटॉप आन् स्पीकर विकतो. मंग तू निस्ता ट्रे उचल."

म्हणजे तीस तारखेपर्यंत मुदत. ट्रे चालणार नाही. साखरखेर्ड्याला आईला सांगितलंय की मी म्युझिक लाइनमध्ये आहे. तिनं गल्लीत सांगितलं, पोरगं गाण्याचं मास्तर झालं. ते दुरुस्त करायचं राहून गेलं.

संकल्प : रोज सकाळी रियाज. महिनाअखेर नऊच्या नऊ टेबलं फुल. कुणाला दोष द्यायचा नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०

रियाज झाला नाही. शेजारी गिरणी चालू होती.

काल नऊपैकी चार टेबलं. कारणं : सोयाबीनला भाव नाही. क्वार्टर महागली. रस्त्याचं काम संपलं, त्यामुळे कंत्राटदाराची माणसं रोलरसकट गेली. उरलेले लोक दुकानातून बाटली घेतात आणि बांधावर बसतात. बांधावर गाणं नसतं, याचं त्यांना काही वाटत नाही. जे इथे येतात ते एका बिअरवर तीन तास काढतात आणि फुकटचे शेंगदाणे पुन्हा पुन्हा मागतात. शेठला बिअरपेक्षा शेंगदाण्यांचं जास्त लागतं.

लक्ष्मीकांत काका आले होते. पंचायत समितीतून रिटायर झालेले क्लार्क. पीत नाहीत. दर शनिवारी येऊन एक लिंबू सोडा घेतात आणि सहा गाणी म्हणतात. म्हणे, घरी ऐकायला एकच माणूस आहे आणि त्या माणसानं चाळीस वर्षं ऐकलंय, आता तिला सुट्टी द्यायला पाहिजे.

आवाज बरा आहे. जुन्या पद्धतीचा. ते गायले की लोक घास हातात धरून बसतात. हे धंद्याच्या दृष्टीनं चुकीचं आहे. शेठही म्हणाले, "हा बुवा गायला की ऑर्डर बंद होते राजेहो."

माझं गाणं चालू असताना दोन नंबरच्या टेबलानं सांगितलं, माईक काकाले दे. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. स्पीकर मोठा होता, त्यामुळे ते पटण्यासारखं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ९.१५

एक महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. मंगळवारी चार नंबरवर तिघेजण सहापासून बसले होते. तीन बिअर, पाच वेळा शेंगदाणे. शेठनं मला खुणेनं सांगितलं, म्हण. मी विरहाचं गाणं लावलं. दुसऱ्या कडव्याला त्यांनी बिल मागितलं आणि गाणं संपायच्या आत निघून गेले. एकानं तर चप्पल बाहेर जाऊन घातली.

गाणं आत लागल्याशिवाय माणूस असा उठत नाही. घरची आठवण आली असणार.

शेठनं पहिल्यांदाच पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "चांगला उपयोग हाय तुह्या आवाजाचा."

कराओकेचं मशीन मात्र मला शंभरपैकी एकोणचाळीस गुण देतं. मशीन चिनी आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १२

विचार केला. शनिवार हा मोक्याचा दिवस. त्या दिवशी एकच माणूस सहा गाणी म्हणतो, मग लोकांना माझी सवय लागणार कशी? हा वैयक्तिक प्रश्न नाही. नियोजनाचा आहे.

नियमावली तयार केली. कार्डशीटवर, दोन रंगांत. नियम क्र. १ : प्रत्येक ग्राहकास जास्तीत जास्त दोन गाणी. एकूण नियम सात, पण बाकीचे सहा पहिला एकटा दिसू नये म्हणून लिहिलेत. लॅपटॉपच्या बटणांवरही चिठ्ठ्या चिकटवल्या : सुरू, बंद, पट्टी वर, पट्टी खाली. मेनू कार्डवर 'चिकण' होतं ते 'चिकन' केलं.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११

काल काकांनी नियमावली पूर्ण वाचली. सातही नियम. म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो तुझं. आमच्या ऑफिसात असतास तर मी तुला टेबल दिलं असतं." आणि दोनच गाणी निवडली.

दुसऱ्या गाण्याला पट्टी दोनने वर गेलेली होती. कशी गेली ते सांगता येत नाही. लॅपटॉप जुना आहे. व्होल्टेज कमीजास्त होतं.

वरच्या सुराला काकांचा आवाज फाटला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. दोन नंबरवरचा एकजण हसला. मग सगळेच हसले. एकजण म्हणाला, "काका, सोड्यात काही टाकून घेत जा."

काकाही हसले थोडे. माईक स्टँडला लावला, वायरचा पीळ सरळ केला, सोडा शेवटपर्यंत प्यायले आणि गेले.

त्यानंतर मी चार गाणी म्हटली. जेवण मागवलेले लोकसुद्धा पार्सल घेऊन गेले.

१० नोव्हेंबर, सोमवार

सॉफ्टवेअर तपासलं. दोष आढळला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.२०

काका काल आले नाहीत. येत्या शनिवारी येतील.

तीन टेबलं होती. दोन टेबलांनी विचारलं, आज काका नाहीत का. मी म्हटलं, सुट्टीवर आहेत. रिटायर माणसाला सुट्टी कसली, असं कुणी विचारलं नाही, पण मला रात्रभर ते उत्तर टोचत राहिलं. काका नाहीत म्हटल्यावर एक टेबल पाणी पिऊन उठलं.

मी गायलो. सव्वाआठला हॉल रिकामा. शेठ खूश. आचाऱ्याला लवकर घरी सोडलं, चार ट्यूब बंद केल्या. शेंगदाण्यांचा डबा तीन दिवस पुरला.

महिन्याच्या संकल्पाप्रमाणे नऊ टेबलं फुल व्हायला हवी होती. रिकामी नऊ झाली. आकडा तोच आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ७

बटण मी दाबलं होतं. एकदा दाबलं की पट्टी एकने वर जाते. दोनने वर होती. म्हणजे दोनदा दाबलं. दोन वेळांच्या मध्ये मी त्यांच्याकडे पाहिलं होतं. ते डोळे मिटून उभे होते.

हे खोडायचं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.३०

काका कालही आले नाहीत. टेबलं दोन.

सकाळी गोकुळबरोबर लसूण सोलत होतो. गोकुळ इथला जुना वेटर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला सहज म्हणालो की शेठला माझ्या गाण्याची किंमत कळली आहे, कराओके राहणार. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लसणाची पाकळी खाली ठेवली.

म्हणाला, "शेठ तुले काऊन गायले लावते, मालूम हाय का?"

मी म्हटलं, लोकांना आवडतं म्हणून.

"आरे भागवत, लोकं उठावं म्हणून लावते बे. जवारीत पाखरं बसले की आपण गोफण नाही फिरवत? तसा तू हायस. शेंगदाने वाचवाची गोफण."

मी म्हटलं, ते भावुक होऊन उठतात.

तो म्हणाला, "हाव. मी बी रोज भावुक होऊन मोरीत जातो."

नंतर त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला, मनावर नको घेऊ, पगार तं भेटून राह्यला ना. माझ्या वाटणीचा लसूणही त्यानंच सोलला.

पाच तारखेची नोंद काढून पुन्हा वाचली. चप्पल बाहेर जाऊन घालणारा माणूस आता मला वेगळा दिसतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ८

संकल्प : आज काकांच्या घरी जाऊन माफी मागायची. तोंडी बोलताना शब्द राहून जातात, म्हणून चिठ्ठी लिहिली. चौदा ओळी. तीनदा फेअर केली. 'जाणूनबुजून' हा शब्द दुसऱ्या ओळीत आहे.

त्याच दिवशी, दुपारी २

गेलो होतो. काकांच्या पत्नी प्रेमला काकूंनी दार उघडलं. मी हॉटेलातला म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आलास. पंधरा दिवस झाले, पेटीवरचं कापड काढलं नाही यांनी. मी कंटाळले म्हणायची ना, आता घर कसं गप्प झालंय बघ."

काका आतून आले. मला पाहून आनंद झाला त्यांना. चहा झाला, चिवडा झाला. मंदीवर बोलणं झालं. चिठ्ठी खिशात होती, मी दोनदा हात घातला.

मग काका म्हणाले, "आवाज गेला रे माझा. त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं लागायचा तो सूर लागला नाही. वय झालं, दुसरं काय."

हीच वेळ होती. याहून चांगली वेळ कुणी आणून देत नाही.

मी म्हणालो, "हो काका, वयानं होतं तसं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि कप उचलून नेले.

निघताना काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून बोललो, शनिवारी या, गाऊ नका पाहिजे तर, मी गाणार आहे. काका म्हणाले, येतो की.

चिठ्ठी माझ्याबरोबर परत आली. घामानं आठवी ओळ पुसट झाली आहे. तशी देणं बरं दिसलं नसतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आठवी ओळ हे कारण नव्हतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार. रात्री ९.३०

आत्ताच लिहितो, उद्या सकाळपर्यंत मी यात काहीतरी बदल करीन.

काका सातला आले. एक लिंबू सोडा. पाच टेबलं होती, कुणीतरी सांगितलं असावं की काका येणार. मी माईक त्यांच्यासमोर धरला. ते म्हणाले, "आज नको." आठ वाजता शेठनं खूण केली. मी गायलो.

पहिल्या गाण्याला दोन टेबलं उठली. दुसऱ्या गाण्यानंतर बाकीच्या तीन टेबलांनी बिल मागितलं. काका बसून होते. हात मांडीवर, मान थोडी खाली, आपण आजाऱ्याजवळ बसतो तसे. शेठ मला खुणावत होते, अजून एक. मी तिसरं सुरू केलं. काका हलले नाहीत.

मग ते उठले. मला वाटलं, चालले. पण लॅपटॉपजवळ आले, चष्मा वर केला, वाकून माझ्या चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. 'पट्टी वर'वर त्यांची नजर बराच वेळ होती. तिथं त्यांनी बोट ठेवलं, पण दाबलं नाही. मग शेजारचं 'पट्टी खाली' दाबलं. एकदा. पुन्हा एकदा.

म्हणाले, "आता म्हण. तुझ्या गळ्याला ही मूळ पट्टी जड जाते. दोन खाली घेतली की बघ कसं होतं." आणि जरा थांबून म्हणाले, "मीही त्या दिवशी आधी या चिठ्ठ्या वाचायला पाहिजे होत्या. इतकं सुरेख लिहिलंयस."

त्यांना कळलं होतं. तिथेच, माझ्यासमोर कळलं. चिठ्ठी खिशात होती. मी गाणं म्हणायला लागलो, कारण गाणं म्हणताना बोलता येत नाही.

गाणं चांगलं झालं नाही. पण ते गाणं होतं. दारापर्यंत गेलेले दोघे परत येऊन बसले. गोकुळ ट्रे घेऊन मोरीच्या दाराशी उभा राहिला आणि आत गेला नाही. मशीननं एकसष्ट दिले.

काकांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या. सोडा संपवला. दारात म्हणाले, "बरं वाटलं. म्हणजे आवाज गेला नाही माझा." मग ते गेले. चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली. घरी जाऊन पेटीवरचं कापड काढतील. इथे येणार नाहीत, असं मला वाटतं.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०

मुदत संपली. शेठनं निर्णय सांगितला. कराओके राहणार. मी गायक राहणार. रोज आठ वाजता, दोन गाणी.

आईला फोन केला, पर्मनंट झालो. ती रडली. गल्लीत पेढे वाटणार आहे.

फक्त शेठची एक अट आहे. म्हणाले, "कालच्यावानी खालच्या पट्टीत म्हणू नको बे. ते दोघं परत येऊन बसले, तासभर बसले, शेंगदाने तीनदा घेतले. उलटं मूळच्यापेक्षा वर घे. दोनने वर कर. जमते ना?"

मी म्हटलं, जमते.

चिठ्ठी डायरीत या पानावर ठेवली आहे. आठला गायचं आहे. बटण दोनदा दाबायचं.