दोघींना वेगवेगळं सांगितलंस

आई, तू खोटं बोललीस. आणि एकाच दुपारी दोनदा बोललीस, मला एक सांगितलंस आणि तिला दुसरंच. मला हे काल कळलं. वीस वर्षांनी. तू जाऊन अकरा वर्षं झाली, आता मी भांडू कुणाशी? फोटोत तू हार घालून बसलीयस, तोंड असं केलंयस की जन्मात कधी कुणाला वाकडं बोलली नसशील. तो फोटो मी कालपासून भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. पोरगी विचारत होती, "आई, आजीनं काय केलं?" मी म्हटलं, "तू कामाला जा, उशीर होतोय." तिला काय सांगू. तिच्याच जुन्या वहीत हे लिहितेय. तू मला चौथीतून काढलंस भावाला सांभाळायला, तेव्हा अक्षर कसं येईल तसं येईल, ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस.

ती माझ्याकडे आलीय. ती म्हणजे तुझी सून, माझी वहिनी, माझी नणंद, आणि या सगळ्याच्या आधीची माझी मैत्रीण. सोमवारी दुपारी मी हॉटेलातनं चपात्या लाटून घरी आले, जरा पाठ टेकली तर दार वाजलं. खिडकीतून बघितलं, तर ही बॅग घेऊन उभी. मी लगेच उघडलं नाही. मुद्दाम नाही उघडलं. उभी राहू दे म्हटलं जरा, मीपण अशीच बॅग घेऊन गेलेली एकदा. काशीमीऱ्याच्या हायवेची धूळ सगळी तिच्या तोंडावर, आणि रडत वगैरे नव्हती, नुसती उभी होती. मग उघडलं. ती म्हणाली, "येऊ का आत?" मी म्हटलं, "भावाचं घर, माहेर आहे तुझं, विचारतेस काय." तेपण टोमणाच होता. तिला कळला. आली, आणि बॅग दारापाशीच ठेवून बसली.

तुझ्या लाडक्यानं दुसरी बाई आणलीय घरात. त्याच मुर्धा गावातल्या खोलीत, जिथे तू गेलीस. हिला म्हणाला, दोघी राहा की, कोण तुला काढतंय. ही निघाली. जाणार कुठे? हिचे आईबाप गेले, भाऊ म्हणजे माझा नवरा, तोपण सहा वर्षांमागे लिव्हरनं गेला. राहिले मी. मंगळवारी तुझ्या लेकाचा फोन आला. "ताई, मी रविवारी सकाळी येतोय, तिला घेऊन जाणार. तू मधे पडू नको. ठेवून घेतलीस तर मला भाऊ म्हणायचं नाही. उद्या पोरीच्या लग्नात मामा कुठून आणशील ते बघ." फोन स्पीकरवर होता. पोरगी तिथूनच ओरडली, "मामाच्या जागी समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन उभा करू, निदान वेळेवर येईल!" मी तिला गप्प केलं, पण हसू आलं. आणि तीपण हसली कोपऱ्यात, तोंडाला पदर लावून. दोघी एकाच वेळी हसलो म्हणून दोघींनी लगेच तोंडं फिरवली.

तुला आठवतं का, तिला घरी पहिल्यांदा मीच आणली. भाईंदर पूर्वेच्या त्या गाळ्यात आम्ही दोघी चमचे पुसून डझन-डझन कागदात गुंडाळायचो. माझा हात हळू चालायचा, शेठचा माणूस ओरडायचा, तर ही बोलायची काही नाही, गुपचूप आपले दोन-तीन डझन माझ्या ढिगात सरकवायची. पहिला महिना मी तिच्यामुळे टिकले. मग डबा एक झाला, येणं-जाणं एक झालं. तिचे मोरव्याचे, आपले मुर्ध्याचे, गाव दोघींचं रायगडात, जातीतली पोरगी, म्हणून तुला चालली. चालली काय, आवडली. तू तिला चुलीच्या बाजूला बसवून सुकट-भाकर वाढायचीस आणि मला म्हणायचीस, "बघ गो, कशी खाली मान घालून खाते, नाहीतर तू." मला राग यायचा नाही. मला बरं वाटायचं, माझं माणूस माझ्या आईला आवडलं म्हणून. येडी होते मी.

कारण आमच्या मागे तिचं आणि भावाचं जमलं होतं, आणि ते तुला माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं उत्तनच्या किनाऱ्यावर जायचो, तूच म्हणायचीस, "जा गो तिघंबी, पाय मोकळे करा." तिकडे ते दोघं पाण्याच्या कडेनं चालत पुढे जायचे आणि मी वाळूत बसून तिघांच्या चपला राखायची. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, उन्हाचा चटका, आणि मी खुळी विचार करतेय, चांगलं पटतं यांचं, भावाबहिणीसारखं. मला कुणी सांगितलं नाही. तिनं नाही, त्यानं नाही, तू तर नाहीच. पोरगी एकटी पोराबरोबर दिसली तर लोक बोलतील, मधे पोराची बहीण असली की कोण बोलतंय. मी तुमची ती मधली होते.

मग तिच्या बापानं अट घातली. मुलगी देतो, पण माझा मुलगा तुम्ही जावई करून घ्या. साटंलोटं. त्याला कुणी मुलगी देत नव्हतं, कारण तो सकाळपासून प्यायचा, अख्ख्या मोरव्याला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. तू माझ्या डोक्यावर तेल थापत म्हणालीस, "तुम्ही दोघी कधी लांब जायच्या न्हाय, तू तिच्या माहेरी, ती तुझ्या माहेरी, अजून काय पायजे?" खरंच, अजून काय पाहिजे होतं मला. एकाच मांडवात दोन लग्नं, हळद एक, भटजी एक. तू आम्हाला दोघींना एकसारख्या हिरव्या साड्या आणल्यास. लोक म्हणाले, बहिणी वाटतात. मी नवऱ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, मी तिच्याकडे बघून हसत होते.

आता त्या दिवसाचं. पोरगी दोन वर्षांची होती. त्यानं मारलं, ते काय पहिल्यांदा नव्हतं, पण त्या दिवशी माझा पुढचा दात हलायला लागला आणि पोरगी घाबरून पलंगाखाली जाऊन बसली, बाहेर येईना. तिला ओढून काढली, कडेवर घेतली, बॅग भरली आणि तुझ्याकडे आले. भाऊ कामाला गेलेला. घरात तू आणि ती. मी आत पाऊल टाकलं, बॅग खाली ठेवली, आणि मला आठवतंय, ती काही न बोलता माझ्याकडे बघून पटकन बाहेर गेली. मी मोरीत तोंड धुतेय, रक्त थुंकतेय, आणि तू माझ्या मागे येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "तू परत जा." मी म्हटलं, "आई, दात बघ." तू म्हणालीस, "बघितला. पन ती म्हनते, इथं जागा न्हाय. तू हितं ऱ्हायलीस तर मी माझ्या बापाकडं जाईन म्हनते. म्हनून बाहेर गेलीय बघ, तू जाईस्तोवर येनार न्हाय." मी पाणीसुद्धा प्यायले नाही. बॅग उचलली, पोरगी उचलली, रिक्षानं मोरव्याला परत. तो झोपला होता.

त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही. म्हणजे बोलायचो, नात्यानं लागतं तेवढं. चहा घ्या, साडी घ्या, बसा. माझ्या पोरीला कळायचं नाही हिला आत्या म्हणू की मामी, ती दोन्ही म्हणायची, आणि आम्ही दोघी तेवढ्यापुरत्या तिच्याकडे बघायचो, एकमेकींकडे नाही. तू गेलीस तेव्हा तुला शेवटची आंघोळ आम्ही दोघींनी घातली. तिनं पाणी ओतलं, मी हात फिरवला. तेव्हाही नाही बोललो. आता विचार येतो, ते बघून तुला बरं वाटलं असेल का? पक्कं काम केलंस म्हणून?

काल ती खाली बसून मेथी निवडत होती. तीन दिवस नुसतं घे-दे चाललेलं. मला राहवेना. मी म्हटलं, "का गं, तेव्हा माझी बॅग बघून तुझ्या घरात जागा नव्हती. आता माझ्याकडे बरी जागा दिसली तुला."

तिनं मान वर केली. "कोण म्हणालं जागा नव्हती?"

"तूच. आईला म्हणालीस ना. मी जाईपर्यंत बाहेर जाऊन बसलीस."

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. म्हणाली, "मी दूध आणायला गेले होते. पोरगी रडत होती ना कडेवर. घरात दूध नव्हतं. पिशवी घेऊन आले तर तू नव्हतीस."

"मग?"

"मग काय. आई म्हणाल्या, गेली ती. म्हणाली, मला तुमच्या सुनेचं तोंड बघायचं नाही, हिनंच मला या बेवड्याच्या गळ्यात मारलं." तिनं जुडी खाली ठेवली. "ते खरंच होतं ना, म्हणून मी विचारायला आले नाही. मला माहीत होतं तो पितो. मला तुझ्या भावाशी लग्न करायचं होतं, मी गप्प बसले. तू तोंड बघणार नाही म्हणालीस ते मला पटलं."

"मी असं काही बोलले नाही," मी म्हटलं.

"मीपण नाही," ती म्हणाली, आणि परत मेथी निवडायला लागली. काड्यापण पानात टाकत होती.

आई, तू असं का केलंस ते मला कळतं. मी काय खुळी राहिले नाही आता. मी माहेरी राहिले असते तर तिच्या बापानं आठ दिवसांत हिला ओढून नेली असती. साट्यालोट्यात असंच असतं, एक घर मोडलं की दुसरं मोडतं. तुला पोराचं घर ठेवायचं होतं. मग तसं सांगायचं होतंस ना! मला म्हणायचं होतंस, मला माझ्या पोराचं घर मोडायचं न्हाय, तू मार खा. मी तुला शिव्या दिल्या असत्या, पण गेले असते. तुझं न ऐकून मी कुठे जाणार होते? पण माझी मैत्रीण तरी मला राहिली असती. त्या मार खायच्या वर्षांत, रोज संध्याकाळी एक माणूस असतं ज्याच्याकडे जाऊन बसले असते. तेवढं तू काढून घेतलंस. आणि का? आम्ही दोघी एक झालो असतो तर तुझं ऐकलं नसतं, हेच ना?

की ती खोटं बोलतेय? तेपण डोक्यात येतं माझ्या. तिला छप्पर पाहिजे. गरज पडली की माणूस काय वाटेल ते बोलतं, आणि गप्प बसून फसवायची सवय तिला आधीची आहे, उत्तनपासूनची. दूध आणायला गेलेली कुणी बघितली? दुकान कधीच गेलं, तिथे आता टॉवर आहे. त्या खोलीत आपण तिघीच होतो. तिला विचारलं, ती एक सांगते. मला जे आठवतं ते तू सांगितलेलं आठवतं. राहिलीस तू, आणि तुला विचारायची काही सोय नाही. पण माझं अडलंय. रविवारी तो येणार. ती म्हणते ते खरं असेल, तर मी दारात आडवी पडेन, पण तिला नेऊ देणार नाही, मग भाऊ गेला तर गेला. आणि तू तेव्हा सांगितलंस ते खरं असेल, तर तिची बॅग मीच रिक्षात ठेवीन.

एक सांगते, हे कुणाला सांगितलेलं नाही. वीस वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नाही, तू असं म्हणालीस का म्हणून. विचारता आलं असतं, मुर्धा आणि मोरवा काय लांब आहेत? पण तिच्यावर रागवायला सोपं होतं. तुझ्यावर रागावले असते तर मला कोणच राहिलं नसतं.

म्हणून शनिवारपर्यंत सांग. कसं सांगायचं ते तुझं तू बघ. शनिवारी संध्याकाळी हॉटेलातनं आले की मी तुझा फोटो सरळ करणार आणि थोडा वेळ समोर बसणार. काही कळलं नाही तर तिचं खरं धरणार, आणि त्यानंतर मी तुझ्यावर रागवायला सुरुवात करीन. ते मी कधी केलेलं नाही, मला भीती वाटते. शनिवारपर्यंत सांग.