उजव्या डोळ्याची काहीही तक्रार नाही

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोज चार ओळी लिहायच्या. अठ्ठावन्न वर्षांत सांगण्यासारखं पुष्कळ केलं, पण घरी ऐकायला कोणाला वेळ नाही. वही मधे बोलत नाही, ही जमेची बाजू.

ऑक्टोबरात लावलेल्या बॅचमधले ठिपके वेचायला घेतले. हे काम असं: मूळपेशींना तीन-चार महिने डिशमध्ये खाऊ-पिऊ घालायचं, लाड करायचे. मग त्यातल्या काहींना सुबुद्धी होते आणि त्या डोळ्याच्या पडद्यामागच्या पेशी बनतात. बनल्या की काळ्या पडतात. ते काळे ठिपके मायक्रोस्कोपखाली सुईने वेगळे काढायचे. शेजारच्या वाया गेलेल्या पेशी त्यात जास्त आल्या की अख्खी बॅच कचऱ्यात. अकरा वर्षं मी वेचतोय. माझ्या नजरेला तोड नाही असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. चार वर्षांपूर्वी, पण म्हणाल्या होत्या.

मायक्रोस्कोपची काच खराब झालीय. मधोमध धुरकट डाग. तक्रार केली.

५ फेब्रुवारी
मेकॅनिक आला. पुसलं, पाहिलं, म्हणाला, साहेब, आरशासारखं स्वच्छ आहे. तुम्ही एकदा उजवा डोळा मिटून बघा. हा मेकॅनिक की डॉक्टर? त्याच्या विरुद्ध दुसरी तक्रार केली.

१७ फेब्रुवारी
बायको म्हणते, तुम्ही चहा कपात ओतता की ओट्यावर? नवे कप आणलेत तिने, ओट्याच्याच रंगाचे. दोष माझा.

म्हणते, डोळे दाखवून या. तीस वर्षं संसार केला, पण नवरा डोळ्यांच्याच धंद्यात आहे हे काही हिच्या डोक्यात शिरत नाही.

२ मार्च
रिपोर्ट आला. शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के! वर्षातली सर्वांत उत्तम बॅच. मॅडमनी पाठ थोपटली. एप्रिलची बॅच पहिल्या पेशंटला द्यायची ठरली, आणि ती मीच वेचायची. पेशंट शिंपी आहे, त्रेसष्ट वर्षांचा. सुईत दोरा ओवता येईना म्हणून दुकान बंद करून बसलाय. माझा हात हातात घेऊन म्हणाला, साहेब, तुमच्यावर भिस्त आहे. माणूस पारखायला डोळे लागत नाहीत हेच खरं.

चष्मिस नुसती मान खाली घालून हसली. चष्मिस म्हणजे माझ्या हाताखालची. वय चौतीस, चष्म्याचा नंबर सात. मत्सर, दुसरं काय. परवा म्हणत होती, सर, तुमच्या डिशवर मी एकदा नजर टाकू का? म्हटलं, आधी स्वतःची काच पूस.

१४ मार्च, दुपारी
प्रयोगशाळेच्या खालच्या दवाखान्यात पेशंटसाठी नवे तक्ते छापून आलेत. चौकडीचा कागद; एकेका डोळ्याने बघायचा, रेघा वाकड्या दिसल्या की पडदा बिघडतोय असं समजून लगेच डॉक्टरकडे जायचं. आमचा हा तक्ता लहान मुलालाही कळेल इतका सोपा. छापखान्याने त्याची वाट लावली. मधल्या रेघा पार पोटात गेल्यासारख्या वाकड्या. कडक पत्र लिहिलं.

१६ मार्च
छापखानेवाला स्वतः आला. म्हणतो, रेघा सरळ आहेत. म्हटलं, पट्टी लाव. त्याने स्टीलची पट्टी लावली. तीही वाकडी. हल्ली सगळाच माल हलका. चष्मिस शेजारी उभी राहून माझ्याकडे बघत होती, कागदाकडे नाही.

२८ मार्च
अण्णांची, माझ्या वडिलांची, पुण्यतिथी. अण्णांचे दोन्ही डोळे असेच गेले. दोन वर्षं त्यांनी घरात कोणाला कळू दिलं नाही. पेपर समोर धरून बसायचे आणि बातम्या मनानेच सांगायचे. मला त्यांचा फार राग यायचा. वेळेवर एक शब्द बोलले असते तर निदान एक डोळा राहिला असता. त्यांच्यासाठीच मी या धंद्यात आलो. हट्टी माणूस. बायको म्हणाली, हो ना. मी विषय बदलला.

संकल्प: शिंप्याची बॅच झाली की डोळे दाखवायचे. उगीच नाही, बायकोच्या समाधानासाठी.

६ एप्रिल
आनंदाची बातमी. चष्मिस आईच्या ऑपरेशनसाठी चार आठवडे रजेवर. जाताना म्हणाली, सर, मी आल्यावर वेचूया का? थोडं थांबता येईल. म्हटलं, पेशंट थांबला नाही तर तू ओवणार आहेस का त्याची सुई? दारातून परत वळली, काहीतरी सांगणार होती, मग गेली.

१३ एप्रिल
वेचायला सुरुवात. अंगठ्याला दोनदा सुई टोचली. डिश हलत असाव्यात.

१५ एप्रिल
एक युक्ती सापडली. ठिपक्याकडे सरळ न बघता जरा बाजूला बघायचं, म्हणजे ठिपका डोकावतो. अनुभवी माणसालाच सुचतं हे.

१९ एप्रिल
वेचून संपलं. दोनशे दहा ठिपके. शिंप्याला स्वतः फोन करून कळवलं. म्हणाला, आजच मशीनला तेल घालतो. मी उगीचच खोकलो.

५ मे
एकसष्ट टक्के.

रिपोर्ट तीनदा वाचून घेतला, दोघांकडून. मशीन खराब असणार म्हणून पुन्हा तपासायला लावलं. साठ निघाले. बॅच कचऱ्यात. पुढची तयार व्हायला निदान दोन महिने. शिंप्याचं ऑपरेशन रद्द.

तापमानात चढउतार झाला असावा. वीजही मधे गेली होती. नक्की गेली होती का, ते विचारायला हवं.

७ मे
मॅडमनी मला आणि चष्मिसला बोलावलं. ती परवाच रजेवरून आलीय. मॅडमनी विचारलं, अठ्ठ्याण्णव टक्के देणारा हात एकसष्टवर कसा आला? मी विजेपासून सुरुवात केली. चष्मिस रडायला लागली. रडत रडत तिने सगळं सांगितलं.

ऑगस्टपासून मी घरी गेलो की ती माझ्या डिश पुन्हा तपासायची आणि चुकीचे ठिपके काढून टाकायची. एकूण एक डिश. अठ्ठ्याण्णव टक्के तिचे. माझे एकसष्टच, तेही तिला रजा मिळाली म्हणून उजेडात आले.

मॅडमनी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, सरांना खुर्चीवरून उठवलं असतं. त्यांनी मला हाताला धरून हे काम शिकवलं. मला नाही सांगता आलं.

तिने माझी अब्रू राखली. नऊ महिने. आणि त्या नऊ महिन्यांत मी दवाखान्याच्या डोक्यावर एक मजला बसून राहिलो, जिना उतरून गेलो नाही. तिच्यावर ओरडलो. ओरडताना कळत होतं की ओरडायचं कोणावर आहे. सरळ लिहायचं तर मला भीती वाटतेय.

९ मे
बायको घेऊन गेली. खालच्या दवाखान्यात नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. हा माझा हट्ट.

डॉक्टर पोरगेलाच. उजव्या पडद्यावर व्रण झालाय, म्हणाला. आता काही करता येणार नाही. सहा महिने आधी आला असतात तर इंजेक्शनने थांबला असता. नव्या पेशी बसवता येतील का, बायकोने विचारलं. व्रणावर त्या धरत नाहीत, म्हणाला. हे मला ठाऊक आहे. त्याने का सांगावं? डाव्यात आत्ताच सुरुवात आहे. उद्या पहिलं इंजेक्शन.

काम काय करता, त्याने विचारलं. म्हटलं, साधं टेबलाचं काम. बायको म्हणाली, डोळ्याच्या पेशी बनवतात. तो हसला नाही, कागदावर लिहून घेतलं. हसला असता तर बरं झालं असतं.

११ मे
काल इंजेक्शन झालं. डावा राहील म्हणतात, दर महिन्याला न चुकता गेलो तर. आज अक्षरं ओळीवर पडतायत की नाही कोण जाणे.

काल दवाखान्यातून घरी येऊन टेकतो तोच शिंप्याचा फोन. मॅडमनी त्याला जुलैची तारीख दिलीय. तक्रार नाही त्याची. म्हणाला, दोन महिने काय, थांबेन. फक्त एक विनंती आहे साहेब, या वेळीही तुम्हीच वेचा, दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका. नजरेचं काम आहे, मी शिंपी आहे, मला कळतं.

जुलैची बॅच चष्मिस वेचणार. मॅडमनी सात तारखेलाच सांगितलं, माझ्या देखत.

मी म्हटलं, हो, मीच.

तो बराच वेळ आभार मानत होता. डाव्यात औषध, उजव्यात मधोमध काहीच नाही. फोन बंद करायचं बटण सापडेना. बायकोने येऊन दाबलं. ती मघापासून दारातच उभी होती.