साल्याचा कोट

४ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनात राग धरू नका, हृदयाला त्रास होतो. राग नाहीच मुळी. सूड घ्यायचाय. दोन्हींत फरक असतो.

५ मार्च
झटका आला त्या दिवशी मला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं मेहुण्याने. उपकार मान्य. पण मी खाटेवर असताना याने गावभर केलं की भावोजी वाटभर माझा हात धरून रडत होते. साफ खोटं. घाम डोळ्यांत गेला होता. आता दुकानात गिऱ्हाईक मापं द्यायला येतं ते आधी तब्येत विचारतं, तेही लहान मुलाशी बोलावं तसं. एवढा नावाजलेला टेलर मी! याला सोडणार नाही.

९ मार्च
सकाळी फिरायला जायचं पक्कं ठरवलं होतं. गेलो नाही. भीती वगैरे काही नाही, चपलेचा अंगठा सैल झालाय. बायको म्हणाली, मग बूट घाला. शेवटी त्याचीच बहीण.

१४ मार्च
देव पावला. साला (नात्याने म्हणतोय) आपल्या पायांनी कोट शिवायला आला. कंपनीत बक्षीस मिळणार आहे म्हणे. छाती बेचाळीस. मी चाळीसचा कापला. छाती आवळणं म्हणजे काय ते कळू दे, तेही स्टेजवर, चारचौघांत. कापताना दोनदा थांबलो. कात्रीला धार राहिलेली नाही.

१५ मार्च
कारागीर म्हणाला, मास्तर, माप चुकलंय. म्हटलं, मुकाट टीप मार. दिवस फार छान गेला. नाडी फक्त जेवणाआधी आणि जेवणानंतर पाहिली.

२२ मार्च
ट्रायल. दुकानात गर्दी, म्हणजे हवी तशीच. साल्याला सगळी बटणं लावायला सांगितली. लावली. मग बोलेचना. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. पुढचं मला नीट आठवत नाही. कात्रीने बटणं उडवली, त्याला खुर्चीत बसवलं आणि त्याचा हात धरून मी ओरडत होतो म्हणे, कुणीतरी गाडी आणा, याला वाचवा.

त्याला काही झालं नव्हतं. पोट आत ओढून, श्वास रोखून उभा होता. म्हणाला, भावोजी, दुखण्यातून उठून शिवलेला तुमचा पहिलाच कोट, घट्ट झाला म्हणून तुमचा हिरमोड नको.

या वेळी त्याने कुणालाही काही सांगितलं नाही. घरी आल्यावर बायकोला मीच सांगितलं. सांगतानाही रडलो.