हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल

१२ नोव्हेंबर

बावीस वर्षं चुकीचं शिकवलं मी! पेपर काढताना दुसराच शब्द बघायला जाडी डिक्शनरी उघडली — आणि नजर शेजारच्या दोन शब्दांवर गेली. हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासातलं, जुन्या काळाशी संबंधित. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात नाव राहील असं मोठं. मी दरवर्षी फळ्यावर दोन्हीपुढं एकच लिहीत आले — ऐतिहासिक. अख्ख्या जिंतुरात इंग्रजीत माझाच शब्द चालतो म्हणे.

जेवण गेलं नाही.

१३ नोव्हेंबर

वैजयंती. दिवसभर तीच डोक्यात. बारावीची, कापडदुकानवाल्या महांतेशअप्पांची मुलगी. जुलैत भर क्लासात उभी राहिली — "मॅडम, आपली बारव हिस्टॉरिकल. पण गल्लीत नळाला पहिल्यांदा पाणी आलं तो दिवस हिस्टॉरिक." बरोबर बोलली होती पोरगी! मी म्हणाले, बस खाली. बसली नाही. बाकीच्या पोरी हसायला लागल्या, माझं टाळकं फिरलं. तिथूनच अप्पांना फोन लावला — तुमची लेक उलटं बोलते, हिला इंग्रजी जमायचं नाही, उगं कशाला शिकवता.

अप्पांनी क्लासच काय, कॉलेजही बंद केलं. कळलं तेव्हा मी म्हणाले, बरं झालं, एक डोकेदुखी गेली. खरंच असंच म्हणाले.

१५ नोव्हेंबर

काल दोनदा अप्पांच्या दुकानाकडं निघाले, दोनदा चप्पल काढून ठेवली. बारावीच्या फॉर्मची शेवटची तारीख वीस. अप्पा तिला भरू देणार नाहीत. माझ्या एका फोनमुळं.

१६ नोव्हेंबर

सर्दी झाली म्हणून क्लासला सुट्टी दिली. सर्दी नाही.

१८ नोव्हेंबर

गेले शेवटी. अप्पा गल्ल्यावर. वैजयंती आतल्या खोलीत मशीनवर साड्यांना फॉल लावायली. हळूच म्हणाले, बाळा, माझं चुकलं. तू बरोबर होतीस.

तिनं वर बघितलं नाही. "मला मायत हाय, मॅडम. तवाच डिक्शनरीत बघितलं होतं मी." मग मशीन थांबवली. "मला कशाला सांगायलाव? अप्पांना सांगा. दोन दिवस हायत अजून."

अप्पा पाच पावलांवर. समोर दोन गिऱ्हाइकं — दोघींची पोरं माझ्याच क्लासात. मी एक ब्लाउजपीस घेतला आणि घरी आले.

२१ नोव्हेंबर

आज रस्त्यात अप्पांनीच थांबवलं. "तुमी तवा वेळेवर फोन केलात म्हणून बरं झालं, मॅडम. फॉर्मसाठी पोरगी लय हट्टाला पेटली होती. मी म्हणलो, मॅडमपेक्षा तुला जास्त कळतंय का?" हात जोडले त्यांनी.

मीही जोडले.