दोन म्हणजे कोण

मंगळवार, ४ मार्च

दोन उत्तरं आली. एक हनोईहून, एक सायगॉनहून. हरवली एक बहीण आणि सापडल्या दोन! मला हसूच फुटलं. उयेन म्हणाली, "आजी, हसतेस काय, आधी खाली बस. डॉक्टर काय म्हणाले होते?" बसले.

उयेन म्हणजे माझ्या मुलाची, विन्हची मुलगी, माझी नात. ही वही तिचीच, शाळेतली उरलेली. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, बाईंनी मारलेल्या लाल फुल्यासुद्धा. मी शाळा पाहिली ती मोठेपणी, बायकांच्या वर्गात, सहा महिने. पण लिहायला बसले की हात थांबत नाही. सून म्हणते, आई बोलतात तसंच लिहितात, टोपलीतून मासळी सांडावी तसं.

तर जाहिरात मी सांगितली, उयेननं फोनवर टाकली. १९६७ साल. लढाई चालू, म्हणून आमच्या गावातली पोरं उत्तरेला हलवत होते. बाबा धाकटीला कावडीच्या टोपलीत बसवून त्या तांड्याबरोबर निघाले. मी आईजवळ राहिले, ती तापानं पडली होती. नदीच्या उतारावर बॉम्ब पडले. बाबा तिथंच गेले. टोपली सापडली, ती नाही. चार वर्षांची होती. कुणी म्हणालं, ट्रकमध्ये घालून उत्तरेला नेली. कुणी म्हणालं, कोळ्यांच्या होडीतून दक्षिणेला. नाव सेन, पण नावानं कुणी हाक मारायचं नाही. घरात 'तीन'.

आई क्वांग नामची, दक्षिणेकडची. तिकडं पहिल्या मुलाला पहिलं म्हणत नाहीत, भुतं उचलतात म्हणून. मोजायचं ते दोनपासून. म्हणून मी दोन, ती तीन. उचललं मात्र तिलाच.

बुधवार, ५ मार्च

सायगॉनची बाई स्वतः बोलली. कुक नाव. फोनमध्ये तोंड दिसतं! मी पदर सारखा करावा तसे केस सारखे करत बसले. गोड बाई. म्हणाली, "ताई, मला घरी तीनच म्हणायचे. आगीतून कुणीतरी उचलून होडीत टाकलं एवढं आठवतं." आणि रडायला लागली. मीही. सून आतून म्हणाली, "रडा, पण बसून रडा."

हनोईहून त्या दुसऱ्या बाईची मुलगी बोलली, हान. तिच्या आईची वाचा गेलीय, दोन वर्षं झाली, झटका आला तेव्हापासून. नुसती बघत असते. अनाथांच्या शाळेत वाढली. "आई एवढंच सांगायची, की मला घरी दोन म्हणत."

मी म्हटलं, बाळा, दोन तर मी!

हान म्हणाली, "हो, बरोबर आहे आजी. त्रास दिला." किती शिकलेली मुलगी, किती हळू बोलली.

शुक्रवार, ७ मार्च

डॉक्टर म्हणाले, एकदाच. हृदय आता चुरमुऱ्यासारखं झालंय. आगगाडीनं, झोपून, कुणीतरी सोबत हवं. आणि परत आल्यावर पुढचा प्रवास विचारायचा नाही. मी विचारलं, आणि परत नाही आले तर? ते म्हणाले, "म्हातारे, तू मला घाबरवू नकोस."

थुंकीवरून तपासतात म्हणे बहीण आहे की नाही. नंबर लागायला तीन-चार महिने. उयेननं दोघींचीही पाठवायला सांगितली आहे. माझी पण दिली, थुंकायला काय लागतं. पण तीन-चार महिने म्हटल्यावर सून चुलीकडे बघायला लागली. मी समजले, तेवढे महिने माझ्याकडं कुठले.

रविवार, ९ मार्च

जेवताना भांडण. विन्ह म्हणतो हनोई. "दहा-अकरा तासांत पोचेल. सायगॉन म्हणजे एक दिवस-रात्र गाडीत. तीन की दोन कशाला बघता, जवळचं बघा."

सून म्हणाली, "बहीण काय भाजी आहे, जवळच्या बाजारातून आणायला?"

विन्ह म्हणाला, "तुझी मावशी राहते सायगॉनला, म्हणून तुझा जीव तिकडं."

"माझी मावशी मेली गेल्या साली. तूच आला होतास जेवायला."

मी मध्ये पडले नाही. कालवं छान झाली होती, आलं घालून. मी मजेत खाल्ली. खरं सांगायचं तर मला कुठंच मिळायची नाही ती. आई एकदा न्या त्रांगला जाऊन आली होती अशाच एका बाईसाठी, मी तेव्हा विन्हच्या वेळी पोटुशी. जाताना नवी चप्पल घेतली, परत आली ती हातात घेऊन, अनवाणी. मग मरेपर्यंत ती बाजारात बायकांच्या कानामागं बघायची, सेनच्या कानामागं डाग होता म्हणून. तो डागसुद्धा खरा होता की आईनंच नंतर लावला, देव जाणे. मला तर आठवत नाही.

कुकबाईला विचारलं डागाचं. म्हणाली, आहे. पण विचारताना मीच बोटानं दाखवला होता.

बुधवार, १२ मार्च

सायगॉनचं तिकीट काढलं. १८ तारीख. खालची बर्थ. माझं नाव छापलंय त्यावर, लाय, आणि वय अडुसष्ट. किती छान दिसतं छापलेलं!

शिदोरीला रताळ्याच्या सुकवलेल्या फोडी घेतल्या. चिवट असतात, दात नसले तर चोखता येतात. सेनला फार आवडायच्या. म्हणजे चार वर्षांच्या मुलीला काय आवडायचं ते. मागून मागून खायची, तोंड चिकट, हात चिकट, मग माझ्याच केसांना पुसायची. माळ्यावरचं तांदळाचं मडकं फोडलं होतं तिनं आणि मार मी खाल्ला होता. आता सापडली तर तो मार आधी वसूल करीन.

कशी सापडणार.

गुरुवार, १३ मार्च

काही झालं नाही. छाती भरून येते. चप्पल नवी घेतली नाही.

शनिवार, १५ मार्च

बाबांच्या फोटोपुढं उदबत्ती लावली. म्हटलं, सायगॉनला निघाले. बाबा फोटोत नेहमीसारखेच, कुणीतरी मागून हाक मारली आणि वळायच्या आधीच फोटो काढला तसे.

संध्याकाळी त्रुक काका आले. बाबांच्या बोटीवरचे शेवटचे उरलेले. अठ्ठ्याऐंशीचे. चाळीस वर्षं लेकीकडं होते, परगावी, आता घरच्या श्राद्धाला आलेत. कान गेलेत पण आवाज होडीवरचाच. फाटकातूनच ओरडले, "थोरले! अगं थोरले, कुठं निघालीस म्हणे म्हातारपणी?"

माझ्या हातातली परडी खाली पडली.

थोरली. मला थोरली म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. लग्नाआधी आई दोन म्हणायची, लग्नानंतर लाय, मग विन्हची आई. थोरली बाबा म्हणायचे. बाबा इथले. इथं मोजणी आईसारखी नाही, इथं पहिली ती थोरली आणि तिच्या पाठची दोन. म्हणजे बाबांची 'दोन' सेन होती! आईनं "दोन" म्हणून हाक मारली की मी जायची, बाबांनी मारली की ती. आणि कुणी मारली ते कळलं नाही की दोघी धावायचो, दारात डोकी आपटायची. आई आणि बाबा त्यावरून भांडायचे, मग हसायचे. हे मी विसरले. बाबा गेले आणि त्यांची मोजणी पण गेली घरातून. नुसती आईची राहिली.

आणि सेन आईबरोबर नव्हतीच. कावडीत होती, बाबांच्या. शेवटची हाक तिनं बाबांचीच ऐकली असणार.

त्रुक काका म्हणाले, "अगं, काय झालं? मी काही चुकीचं बोललो का?" मी त्यांना दोन वेळा चहा पाजला. एकदा साखर घालायची राहिली.

रविवार, १६ मार्च

उयेननं तिकीट बदललं. हनोई, तीच तारीख. विन्ह म्हणाला, "मी आधीच म्हणालो होतो." सून म्हणाली, "तू जवळ आहे म्हणून म्हणाला होतास."

मग कुकबाईला फोन केला. मीच करायला हवा. सगळं सांगितलं. सायगॉनात घरोघरी एक तीन आहे, पाठची कुठलीही मुलगी तीन. तिला ते माहीत होतं. म्हणाली, "माहीत होतं ताई. पण तुम्ही विचारलंत ना, म्हणून वाटलं." मी म्हटलं, माझी नसशील, पण तूही कुणाची तरी तीन आहेस. ती म्हणाली, "मग माझी दोन कुठं असेल?" रताळ्याच्या फोडी टपालानं पाठवते म्हटलं. पत्ता घेतला.

पण खरं तेच आहे. हनोईत पण घरोघरी दोन असेलच. तिकडं पण पाठचं मूल दोनच. कुकबाईची तीन जेवढी, तेवढीच हानच्या आईची दोन. आणि ती बोलत नाही. मी तिथं जाऊन तिच्या तोंडाकडं बघणार, ती माझ्या तोंडाकडं, आणि दोघी म्हाताऱ्या. म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात. एकच प्रवास होता, तो मी नुसतं बघायला घालवणार.

उयेननं विचारलं, "आजी, दुसरं काहीच नव्हतं का, तुम्हा दोघींनाच ठाऊक असलेलं?" काय असणार? चार वर्षांची पोर. अर्धे दिवस खंदकात. वर विमानं, आत काळोख. बाबा हजेरी घ्यायचे, कोण आत आलं, कोण राहिलं. "थोरली?" आहे. "दोन?" आहे. मग ती बाबांसारखा जाड आवाज काढून पुन्हा माझीच हजेरी घ्यायची. आई म्हणायची, गप्प बसा, विमानं ऐकतील.

उयेन एकदम म्हणाली, "आजी, फोन लाव."

मी म्हटलं, आता नको. उद्या.

सोमवार, १७ मार्च

हानला म्हटलं, आईच्या कानाशी धर. ती म्हणाली, आजी, ती काही बोलायची नाही, वाईट वाटून घेऊ नका. म्हटलं, धर तू.

बाबांचा आवाज मला काढता येत नाही. काढला तसा. "दोन?"

नुसता श्वास.

मग, "आहे."

हान मागे काहीतरी म्हणाली. कुणीतरी खुर्ची ओढली. आणि मग तो फाटका, जाड केलेला आवाज, "थोरली?"

मला माझं 'आहे' म्हणता येईना.